वेगळी चूल

मंगळवारी पहाटे साडेपाचला
हॉर्सेन्सच्या कत्तलखान्याच्या मागच्या दाराशी
एस्किल मला थर्मास देतो.
आत बर्फगार खारं पाणी, त्यात
डुकरांच्या मानेतल्या सहा धमन्या,
आपापल्या परीनं अजून जिवंत.
तो बोलत नाही. मीही नाही.
त्याच्या रबरी बुटांवरून वाफ उठते,
आणि दार लागतं.

बसनं ऑर्हूस, पुढं सायकल.
दिव्याखाली चरबी सोलते,
आतलं अस्तर कापसाच्या बोळ्यानं पुसून काढते.
उरते मधली भिंत : स्नायू.
कुठल्याच हाडाला न बांधलेला,
न धावणारा, न उचलणारा,
फक्त आवळून धरणारा.
त्याची बांगडीएवढीही नाही, अंगठीएवढी चकती
दोन तारांवर चढवते,
पाणी सदतीस अंशांवर आणते
आणि पोटॅशियमचे चार थेंब.

आवळते ती. आवळूनच राहते.
मी जेवून येते, भांडी विसळते,
कागदावरची रेघ तिथंच, वर.
एवढ्या थोडक्या खर्चात एवढा वेळ तग धरणारं
दुसरं मांस मला ठाऊक नाही.
आई होती तशी, पण ते जाऊ दे.

खर्च कुठून होतो, हे बघायचं होतं.
म्हणून साखरेवर खुणा केल्या :
एक खूण पेशीनं आधीच साठवलेल्या साखरेवर,
दुसरी, आज बाहेरून वाहत येणाऱ्या साखरेवर.
मग चुंबकाच्या पोटात नळी ठेवली
आणि वाट पाहिली.

बाहेरची साखर आत आली,
अर्धीमुर्धी मोडली,
आणि भरपूर प्राणवायू असताना
आंबट होऊन तशीच दारातून निघून गेली.
साठवणीतली मात्र शेवटच्या कणापर्यंत जळली,
आवळण्याचं काम तिच्याच जिवावर.
दोघींच्या पायऱ्या त्याच, हत्यारं तीच,
पेशी एक, आत कुठं भिंत नाही,
तरी एकीची खूण दुसरीत उतरली नाही.

बोडिल म्हणाली, यंत्र बिघडलंय.
तीनदा केलं. तेच.
चौथ्यांदा तिनं स्वतः केलं
आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मला नवल वाटलं नाही.
आमच्या बंदराजवळच्या घराला जिना एकच,
नळ एक, मीटर एक,
आईच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं
या हिशेबावरून चुली दोन.
तो शुक्रवारी आपली पिशवी वर नेतो,
मी शनिवारी माझी खाली ठेवते.
त्याच्या कॉफीचा वास मला येतो.
माझ्या खोकल्याची त्याला सवय आहे.

या मंगळवारी थर्मास दुसऱ्याच पोरानं दिला.
एस्किल? ताप आहे म्हणाला, दोन दिवस झाले.
धमन्या त्या दिवशी मी नीट कापल्या नाहीत.
बाहेरची साखर बंद करून बघायचं होतं :
रेघ बराच वेळ हलली नाही,
नंतर अगदी सावकाश
खाली यायला लागली.
मी ती पूर्ण उतरू दिली नाही,
दिवे मालवून घरी आले.

सूप घेऊन जिना चढले. चार वर्षांनी.
तो भिंतीकडे तोंड करून निजलेला.
वाडगा शोधायला फडताळ उघडलं, तर
मागच्या रांगेत रबार्बच्या मुरंब्याच्या अकरा बरण्या,
आईच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी प्रत्येकीवर.
मला वाटलं होतं, त्यानं केव्हाच टाकल्या.
एक काढली. झाकण घट्ट, गंजलेलं.

'ती नको,' अंथरुणातून आवाज आला,
'ती ठेवणीतली आहे.'

मी बरणी जागेवर ठेवली.
सूप निवत होतं. खाली
कुणाची तरी बोट भोंगा देऊन गेली.

मग त्यानंच चमचा मागितला.